पैसे दिले, पण कुठल्या महिन्याचे?

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी एक तरुण भाडेकरू आणि त्याच्या घरमालकीणबाई असे दोघं मिळूनच माझ्या ऑफिसात आले. असं फार क्वचित होतं. एरवी एकच बाजू येते, दुसरी बाजू किती खोटी आहे ते तासभर सांगते, आणि मग नोटिशीचा मसुदा करायला बसावं लागतं. हे दोघं मात्र एकाच रिक्षातून आले होते. कोथरूडला दोन खोल्यांचा फ्लॅट, भाडं महिना १४,००० रुपये, जूनपासून अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार. बाई त्याच इमारतीत तळमजल्याला राहायच्या. मुलगा त्यांना काकू म्हणायचा आणि संक्रांतीला त्यांच्याकडे तिळगूळही खाऊन आला होता. त्यानंतर दहाच दिवसांनी काकूंनी वही काढली आणि एका महिन्याचं भाडं कमी भरलं.

"काकू, नऊ महिन्यांचे नऊ वेळा पैसे गेलेत माझ्या खात्यातून. हे बघा ना स्टेटमेंट."

"अरे, पण वहीत आठच महिने आहेत. मी काय मुद्दाम एक गाळलाय का?"

मी दोघांकडून कागद मागून घेतले. मुलाच्या बँकेच्या स्टेटमेंटमध्ये जून ते फेब्रुवारी अशा १४,००० रुपयांच्या नऊ नोंदी होत्या. काकूंच्या पासबुकातही त्याच तारखांना त्याच रकमेच्या नऊ जमा होत्या. एकही रुपया वाटेत हरवला नव्हता. मग मी काकूंची वही उघडली. लाल पुठ्ठ्याची, दर महिन्याला एक ओळ. जूनच्या पानावर सुबक अक्षरात लिहिलं होतं: '५ जून, १४,०००, डिपॉझिट पुरे.' भाड्याची पहिली ओळ जुलैत सुरू झाली होती.

उलगडा तिथेच झाला. डिपॉझिट ५०,००० ठरलं होतं. मुलानं करार करताना ३६,००० चा चेक दिला आणि राहिलेले १४,००० नंतर देतो म्हणाला. चार दिवसांनी त्याच्याकडून बरोबर १४,००० आले. काकूंनी ते डिपॉझिटात धरले, मुलानं ते जूनचं भाडं म्हणून पाठवले होते. योगायोगानं दोन्ही आकडे सारखे. त्यामुळे आठ महिने कुणालाच काही खटकलं नाही.

भाड्याचे वाद मी बरीच वर्षं पाहते आहे. 'भाडं दिलं' विरुद्ध 'भाडं आलंच नाही' या भांडणात पैसे खरोखर गायब झालेले असतात असं नाही. पुष्कळदा पैसे पोचलेले असतात, फक्त दोघांनी त्यांना वेगवेगळं नाव दिलेलं असतं. म्हणून भाडं देताना किती दिलं याच्या बरोबरीनं कशाचं दिलं, कुठल्या महिन्याचं दिलं, हे सांगणं हा देण्याचाच भाग आहे. हे मी माझ्या प्रत्येक पक्षकाराला सांगते, मग तो मालक असो की भाडेकरू.

कायद्यानं या प्रश्नाचा विचार दीडशे वर्षांपूर्वीच करून ठेवला आहे. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्यातली ५९, ६० आणि ६१ ही तीन लागोपाठची कलमं फक्त एवढ्यासाठीच आहेत: एका माणसाची दुसऱ्याकडे अनेक देणी असतील आणि त्यानं एक रक्कम दिली, तर ती कुठल्या देण्यात जमा धरायची? पहिला मान देणाऱ्याचा. देताना त्यानं 'हे अमुक देण्याचे' असं सांगितलं असेल, किंवा परिस्थितीवरून ते उघड होत असेल, आणि घेणाऱ्यानं रक्कम ठेवून घेतली असेल, तर ती त्याच देण्यात धरावी लागते. देणारा गप्प राहिला आणि परिस्थितीही काही सांगत नसेल, तर अधिकार घेणाऱ्याकडे जातो. तो आपल्या कुठल्याही कायदेशीर येण्यात ती रक्कम धरू शकतो, अगदी मुदत उलटून गेल्यामुळे कोर्टात मागता येत नाही अशा जुन्या येण्यातसुद्धा. आणि दोघंही गप्प राहिले तर रक्कम काळाच्या क्रमानं, म्हणजे सगळ्यात जुन्या देण्यात आधी, जिरते.

हा शेवटचा नियम कानाला साधा लागतो, पण त्याचा परिणाम लांबवर जातो. समजा, चार वर्षांपूर्वी एका महिन्याचं भाडं राहून गेलं. त्यानंतर तुम्ही दर महिन्याला न चुकता रक्कम पाठवत आहात, पण त्यावर महिन्याचं नाव नाही. रांगेत पुढचा माणूस निघून गेला की मागचे एकेक पाऊल पुढे सरकतात, तसं तुमचं प्रत्येक भाडं एक घर मागे जाऊन आधीच्या महिन्यात बसतं. चार वर्षांपूर्वीचं भाडं केव्हाच फिटलं, आणि बाकी राहिला तो चालू महिना. थकलेलं भाडं कोर्टात मागायची मुदत १९६३ च्या मुदत कायद्यानुसार तीन वर्षांची आहे. पण अशा सरकत्या हिशोबात बाकी कधी जुनी होतच नाही. याउलट तुम्ही दर वेळी महिन्याचं नाव लिहून पाठवलं असेल, तर राहून गेलेला महिना जिथल्या तिथे, आपल्या जागी उभा राहतो, आणि त्याची मुदतही तिथूनच मोजली जाते.

त्या मुलाच्या हातात फोन होता आणि तो घाईघाईनं जूनचे मेसेज शोधत होता. यूपीआयच्या नोंदीत 'टिप्पणी'ची जागा रिकामी होती. पण ५ जूनच्या संध्याकाळचा व्हॉट्सॲपवरचा मेसेज सापडला: 'काकू, जूनचं भाडं पाठवलंय. डिपॉझिटचे राहिलेले पुढच्या पगाराला देतो.' काकूंनी त्यावर होकाराचा अंगठा पाठवला होता. मेसेज वाचताना तो पहिल्या वाक्याला खुलला आणि दुसऱ्या वाक्याला एकदम गप्प झाला. भाडं त्यानं खरंच दिलं होतं. डिपॉझिटचं मात्र तो साफ विसरला होता.

मग फरक काय पडला, असं कुणी विचारेल. १४,००० येणं होतंच, भाड्याचं म्हणा की डिपॉझिटचं. घर सोडताना हिशोब केला तरी उत्तर एकच येतं: डिपॉझिट ३६,००० धरलं तर ३६,००० परत, आणि डिपॉझिट ५०,००० धरून एक भाडं वजा केलं तरी ३६,०००च परत. आकडा तोच, पण नाव बदललं की माणसाची जागा बदलते. भाडं थकलं म्हटलं की तो करार मोडणारा ठरतो, आणि बहुतेक करारांत भाडं थकलं तर मुदतीआधी घर खाली करायला सांगता येतं. उलट बाजूनं काकूंचाही जीव टांगणीला लागू शकला असता, कारण नोंदणी केलेल्या करारात '५०,००० रुपये अनामत मिळाली' असं छापलं होतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली लेखी परवाना करारातली विधानं निर्णायक पुरावा मानली जातात. मुलगा लबाड असता, तर नऊ भाड्यांच्या नऊ नोंदी दाखवून वर करारातले पुरे ५०,००० मागू शकला असता. म्हणून मालकांनो, हातात न आलेली रक्कम 'मिळाली' असं करारात कधीही लिहू देऊ नका. उरलेली केव्हा मिळणार ते त्याच कागदावर येऊ द्या.

महिन्याच्या नावाचा दुसरा घोटाळा याहून साधा आहे. ५ तारखेला दिलेलं भाडं सरलेल्या महिन्याचं की चालू महिन्याचं? चाळीतल्या जुन्या वहिवाटीत भाडं बहुधा महिना भरल्यावर द्यायचं. अकरा महिन्यांच्या करारांत ते आगाऊ द्यायचं असतं. गावाकडून शहरात आलेला माणूस एक रीत धरून चालतो, मालक दुसरी, आणि घर सोडायच्या दिवशी एक महिना हवेत लोंबकळतो. करारातलं ते एक वाक्य सही करण्याआधी बोट ठेवून वाचावं.

आता जिथे पैसे खरोखर वाटेत अडतात, ती उदाहरणं.

यूपीआयनं पैसे पाठवले, आपल्या खात्यातून वजा झाले, समोरच्याला मिळाले नाहीत. भाडेकरू वजावटीचा स्क्रीनशॉट मालकाला पाठवतो आणि विषय संपला असं धरतो. पण रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेली रक्कम समोर जमा झाली नाही, तर ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी. त्यापुढे उशीर झाला, तर दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला मिळायला हवी. म्हणजे ५ तारखेची वजावट ६ तारखेला जमेच्या बाजूला परत येऊन बसलेली असू शकते. स्क्रीनशॉटला ते माहीत नसतं. मालक 'आले नाहीत' म्हणाला की आवाज चढवण्याआधी स्टेटमेंट पुढच्या आठवड्यापर्यंत खाली सरकवून बघावं. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो. तो मालकाला द्यावा आणि त्यानं आपल्या बँकेत विचारावं. पैसे कुठे थांबले ते बँकेला त्या क्रमांकावरून कळतं. बँकेनं ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

खाते क्रमांकाची चूक याहून वाईट. एनईएफटीनं पैसे पाठवताना नाव बरोबर लिहिलं आणि क्रमांकात एक आकडा चुकला, तर पैसे त्या चुकलेल्या क्रमांकाच्या खात्यात जाऊ शकतात, कारण जमा करताना बँका खाते क्रमांकावर जातात. एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएसमध्येही रक्कम पाठवण्याआधी समोरच्या खातेदाराचं नाव तपासून बघण्याची सोय झाली आहे. नवा मालक, नवं खातं असेल तेव्हा ती जरूर वापरावी. आणि मालकानं चुकीचा क्रमांक दिला की भाडेकरूनं चुकीचा टाइप केला, यावर नुकसान कुणाचं ते ठरतं. म्हणून खाते क्रमांक फोनवर ऐकून घेऊ नये, लिहूनच मागावा.

वजावटीचं एक वेगळं प्रकरण असतं. भाडं महिना ५०,००० च्या वर असेल, तर वैयक्तिक भाडेकरूलाही त्यातून टीडीएस कापावा लागतो, ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के. मालकाला हे सांगितलं नसेल तर त्याला वाटतं, भाडं कमी आलं. गिझर दुरुस्त केला, नळ बदलला आणि भाड्यातून कापून घेतलं, यावरूनही हेच भांडण. दुरुस्ती मालकाची जबाबदारी आहे हे खरं. त्यानं टाळाटाळ केली तर भाडेकरूला ती करून भाड्यातून वळती करता येते हेही खरं. पण त्याआधी लेखी सूचना आणि वाजवी मुदत द्यावी लागते. सूचना न देता कापलेले ८०० रुपये हे हिशोबात थकलेलं भाडंच दिसतं.

रोखीचं काय सांगू! वॉचमनच्या हाती दिले, मालकाचा मुलगा आला होता त्याला दिले, दलालाला दिले. दिले हे खरं असतं, पोचले नाहीत हेही खरं असतं. कोर्टात 'दिलं' असं म्हणणाऱ्यालाच ते सिद्ध करावं लागतं. 'मिळालं नाही' असं सांगणाऱ्यानं काय दाखवायचं? म्हणून रोख द्यायचीच असेल तर पावती हातात आल्याशिवाय नोटा सोडू नका. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २६ सांगतं की रक्कम मिळताक्षणी लेखी पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. न देणं हा दंडास पात्र गुन्हा आहे. मागायला संकोच वाटतो हे मला माहीत आहे. मालक वडीलधारे असतात, 'आमच्यावर विश्वास नाही का' असं म्हणतात. त्यांना सांगावं की काका, विश्वास आहे, पण उद्या आपल्या दोघांच्या मुलांनी भांडू नये म्हणून मागतो.

चेकचा विषय निघाला की मला कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीची आठवण होते. ओगल्यांचा काचकारखाना आणि तिथला प्रभाकर कंदील महाराष्ट्रात घरोघर होता. हा कारखाना तेव्हाच्या औंध संस्थानात, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानाच्या हद्दीबाहेर. सरकारनं कंदील घेतले, पैशाचे चेक दिल्लीहून टपालानं पाठवले. पुढे प्राप्तिकराचा प्रश्न उभा राहिला: पैसे कारखान्याला मिळाले कुठे, औंधात की दिल्लीत? सर्वोच्च न्यायालयानं १९५४ साली निकाल दिला. कारखान्यानं स्वतःच 'चेकनं पैसे पाठवा' अशी विनंती केली होती. तेव्हा चेक दिल्लीच्या टपालात पडला तिथेच तो कारखान्याला मिळाला, कारण टपालखातं इथे घेणाऱ्याचा हस्तक होतं. आणि चेक वटला, की तो जेव्हा मिळाला त्या दिवसापासून पैसे मिळाले असं धरायचं, वटला त्या दिवसापासून नव्हे.

करासाठी झालेला हा निकाल भाडेकरूच्या रोजच्या प्रश्नाला उत्तर देतो. मालक परगावी आहे आणि त्यानं 'चेक पोस्टानं पाठवत जा' असं लिहून कळवलं असेल, तर पोस्टात टाकल्यावरचा धोका त्याचा असं म्हणायला भक्कम जागा आहे. त्यानं काही म्हटलं नसताना तुम्ही आपणहून पाठवला, तर तो पोचेपर्यंत जबाबदारी तुमची. ५ तारखेला दिलेला चेक मालकानं २० तारखेला भरला आणि तो वटला, तर भाडं ५ तारखेलाच दिलं. चेकनं भाडं देऊ करणं हे रीतसर देणंच आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७६ च्या एका खटल्यातही म्हटलं आहे. एवढं मात्र ध्यानात असू द्या की चेक तारखेपासून तीनच महिने चालतो. हरवला असं कळलं की आधी बँकेला लेखी सांगून तो थांबवावा, मगच दुसरा द्यावा. नाहीतर एकाच महिन्याचे दोन चेक वटतात आणि वाद उलटा सुरू होतो.

आतापर्यंत मी मालकाच्या वहीतल्या प्रामाणिक चुकांबद्दल बोलले. पण काही वेळा मालकाला भाडं नकोच असतं. त्याला भाडेकरू थकबाकीदार व्हायला हवा असतो, म्हणजे घर खाली करून घेता येतं. मुंबईच्या जुन्या चाळींत हा डाव पिढ्यान् पिढ्या खेळला गेला. भाडं घ्यायला कुणी येत नाही, गेलं तर 'शेठ नाहीत' असं उत्तर, पावती तर नाहीच. त्यावर भाडेकरूंनी शोधलेलं उत्तर म्हणजे मनीऑर्डर. कुपनावर 'जुलै महिन्याचं भाडं' असं लिहायचं आणि पाठवून द्यायची. मालकानं घेतली तर पोच मिळते, नाकारली तर पोस्टमनचा 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन ती परत येते. तो शेरा लाखमोलाचा असतो. भाडेकरू भाडं द्यायला तयार आणि राजी होता याचा तो पुरावा, आणि कायद्यात सगळं याच दोन शब्दांवर तोललेलं आहे. आज हेच काम चेकसोबत पत्र जोडून स्पीड पोस्टानं करता येतं. पाकीट नाकारून परत आलं तर ते फोडू नका. बंद पाकिटावरचा शेरा आणि तारीख, आणि आतला तसाच राहिलेला चेक, हे कोर्टात न्यायाधीशांसमोर उघडता येतं. नाकारलेल्या महिन्यांची रक्कम मात्र खात्यात बाजूला ठेवा, खर्च करू नका. मागितली त्या दिवशी देता आली पाहिजे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याचं कलम १५ भाडेकरूनं तोंडपाठ करावं असं आहे. भाडेकरू भाडं देत असेल किंवा द्यायला तयार आणि राजी असेल, तोवर भाड्यासाठी त्याला बाहेर काढता येत नाही. थकबाकी असेल तर मालकानं आधी लेखी मागणीची नोटीस द्यायची आणि ९० दिवस थांबायचं. त्यानंतरच दावा. दाव्याचं समन्स बजावल्यावरही ९० दिवसांत थकलेलं भाडं, त्यावर वर्षाला १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, आणि निकाल लागेपर्यंत दर महिन्याचं भाडं नियमित भरत राहिलं, तर या कारणासाठी घर जात नाही. इतकी सवड असताना घरं का जातात? नोटीस रागानं फेकून दिली म्हणून. किंवा 'मी देणं लागतच नाही' या हट्टापायी ९० दिवस घालवले म्हणून. हिशोबाबद्दल वाद असला तरी वादाची रक्कम 'हक्क राखून' भरता येते, आणि वाद पुढे चालवता येतो. रक्कम भरली म्हणजे चूक कबूल केली असं होत नाही. घर वाचवून भांडावं.

एक सावधगिरी. ही ९० दिवसांची ढाल भाडेकरूला आहे, लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला नाही. कोथरूडच्या त्या मुलासारखे, म्हणजे आज शहरांत भाड्यानं राहणारे बहुतेक तरुण, कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक असतात. कराराची मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर प्रकरण सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातं, आणि समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत शपथपत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. तिथे हातातला कागद हाच आधार असतो. मात्र भाडेकरू असो की परवानाधारक, हिशोबाच्या भांडणात कुणी पाणी तोडलं, वीज काढली, कुलूप बदललं, तर ते बेकायदाच. करार लेखी करून नोंदवणं ही कलम ५५ प्रमाणे मालकाची जबाबदारी आहे. तो केला नसेल तर अटींबाबत, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरतात.

कोथरूडच्या दोघांना मी एक साधा कागद करून दिला. एका बाजूला जून ते फेब्रुवारी, प्रत्येक महिन्यापुढे तारीख, रक्कम, संदर्भ क्रमांक. खाली दोन ओळी: 'भाडं फेब्रुवारीअखेर चुकतं. अनामत प्रत्यक्षात ३६,००० मिळाली, बाकी १४,००० मार्चच्या ५ तारखेला देणार.' दोघांनी सह्या केल्या, दोघांनी एकेक प्रत घेतली. काकूंनी वहीतल्या जूनच्या ओळीवर रेघ मारली आणि जुलैच्या वर, जागा नव्हती तिथे, बारीक अक्षरात 'जून' लिहिलं.

रेघ मारलेली ती ओळ बघताना मला आमच्या लालबागच्या खोलीतली तार आठवली. दाराच्या मागे खिळ्याला टांगलेली, खाली लाकडाची चकती असलेली. वडील गिरणीत होते. भाडं दिलं की पावती त्या तारेत वरून ओवायची, एवढंच फाइलिंग. सगळ्यात जुनी तळाला. कागद पिवळे पडलेले, काहींवर फोडणीचे तेलकट ठिपके. ओवताना आई नेहमी बजावायची, महिन्याच्या नावात भोक पाडू नकोस.

१९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला. पगार बंद झाला आणि भाडं थकत गेलं. जूनमध्ये मालकाची नोटीस आली, डिसेंबर ते मे अशा सहा महिन्यांच्या थकबाकीची. तेव्हा जुना, १९४७ चा मुंबई भाडे कायदा होता. त्यात सहा महिने ही लक्ष्मणरेषा होती. थकबाकी सहा महिन्यांची झाली आणि नोटिशीनंतर महिनाभरात ती भरली नाही, तर घर खाली करण्याचा हुकूम द्यावाच लागे. सहापेक्षा कमी असेल तर कोर्टात पैसे भरून घर वाचवायला वाव होता. महिनाभरात सहा महिन्यांचं भाडं उभं करणं आमच्याच्यानं शक्य नव्हतं.

नोटीस वाचून वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मला स्टुलावर उभं केलं, तार खाली काढायला लावली. मी वरची पहिलीच पावती ओढून काढली. मालकाच्या मेहताजींचं वळणदार अक्षर, खाली त्यांची सही, तारीख ७ जानेवारी. महिन्याच्या जागी 'डिसेंबर ८१'. भोक बरोबर त्याच्या शेजारी पडलेलं, अक्षराला न लागता.

दुसऱ्या दिवशी वडील मला घेऊन मेहताजींच्या पेढीवर गेले. मेहताजींनी चष्मा वर करून पावती पाहिली, आपली वही काढली, जानेवारीचं पान उलटून डिसेंबरच्या पानावर आमच्या ओळीवर बोट ठेवलं. ती ओळ कोरी होती आणि खालच्या ओळीत, आमच्या शेजारच्या खोलीच्या नावासमोर, आमचे पैसे जमा होते. त्यांनी लाल पेन्सिल घेतली, नोटिशीवरचा 'डिसेंबर' खोडला, 'सहा'चं 'पाच' केलं, आणि वडिलांना म्हणाले, "बसा, चहा घ्या. बाकीचे कसे कसे देणार ते सांगा."